पुढचे शॉकअप घरी उघडताना: सॅग, ऑइल, सील आणि स्प्रिंग

ब्रेक मारला की बाइकचं नाक खाली जातं, पुण्याच्या कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या खड्ड्यात खालून 'खट्' आवाज येतो आणि घरी पोचेपर्यंत मनगटं दुखायला लागतात. यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला एकच: "जाड ऑइल टाकू." ते टाकल्यावर दोन दिवस पुढचं टोक घट्ट वाटतं. मग कळतं, की मोठ्या खड्ड्यात शॉकअप अजूनही तळाला आपटतोय आणि छोट्या खड्ड्यांचे दणके मात्र आधीपेक्षा वाढलेत.

शॉकअपमध्ये वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइलचं काम फक्त हालचालीचा वेग आवरायचं. साध्या टेलिस्कोपिक फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, आत डँपर रॉड असतो आणि त्याला ठरावीक मापाची भोकं असतात. ब्रेक मारल्यावर पाइप हळू खाली जातो, तेव्हा ऑइल या भोकांतून आरामात निघतं. तुटलेल्या डांबराच्या कडेवर चाक आदळलं की त्याच भोकांतून ऑइलला झटक्यात जावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा साधारण चौपट होतो. जाड ऑइलने हा दुसरा त्रास वाढतो, पहिला फारसा कमी होत नाही. नाक खाली जाणं ही मुख्यतः स्प्रिंगची आणि प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून बसवलीय त्याची, गोष्ट आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घ्यायची.

इथली सगळी माहिती साध्या, म्हणजे क्रोमचा पाइप वर आणि ॲल्युमिनियमचा बॉटम खाली असलेल्या शॉकअपची आहे: स्प्लेंडर, पल्सर १५०, क्लासिक ३५०, हिमालयन ४११ वगैरे. ३९० ड्यूकसारखे उलटे, कार्ट्रिजवाले फोर्क उघडायला वेगळी हत्यारं लागतात. पहिला हात त्यांच्यावर साफ करू नका. दुसऱ्या बाइकचा अख्खा फोर्क काढून बसवायचा मोहही टाळा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये गाडीतल्या बदलांसाठी कलम ५२ आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हेच आधी बघतो.

आधी सॅग मोजा

सॅग म्हणजे बाइकच्या आणि तुमच्या वजनाने शॉकअप किती दबतो ते. मोजायला तीन माणसं लागतात: एक बसणारा, एक बाइक सरळ धरणारा, एक मोजणारा. पुढचं चाक जमिनीपासून उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होईल. डस्ट सीलच्या (बॉटमच्या तोंडावरचं धूळ अडवणारं रबर) वरच्या कडेपासून खालच्या टीच्या (दोन्ही पाइप धरणारा आडवा भाग) तळापर्यंत क्रोमचा पाइप किती दिसतो ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. क्लासिकसारख्या बाइकवर पाइप कव्हरखाली झाकलेला असतो. तिथे ॲक्सलच्या मध्यापासून कव्हरवरच्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत, फोर्कच्याच रेषेत मोजा.

आता बाइक जमिनीवर घ्या. रोजची बॅग आणि हेल्मेट घालून, पाय फूटरेस्टवर ठेवून चालवणाऱ्याने बसायचं. हँडल खाली दाबा, हळूच सोडा आणि मोजा. मग पुढचं टोक थोडं वर उचला, हळू खाली येऊ द्या आणि पुन्हा मोजा. हे दोन आकडे कधीच सारखे येत नाहीत, कारण सील आणि बुश (पाइपला आतून आधार देणारी कडी) पाइपला धरून ठेवतात. त्यांची सरासरी घ्या.

उदाहरण घ्या. मोकळा पाइप १५० मिमी. बसल्यावर एकदा ९८ आणि एकदा १०६, म्हणजे सरासरी १०२. सॅग ४८ मिमी. नव्या क्लासिक ३५०चा ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअपचा एकूण प्रवास, १३० मिमी आहे, म्हणजे हा ३७ टक्के झाला. रस्त्यावरच्या बाइकला तो ३० ते ३३ टक्के हवा, म्हणजे ३९ ते ४३. सॅग पाच ते नऊ मिलिमीटर जास्त आहे. तेवढा प्रीलोड वाढवला की भागलं, नवीन स्प्रिंगची गरजच नाही.

नवीन स्प्रिंग कधी लागते? बसल्यावरचा सॅग बरोबर आणल्यावर रिकाम्या बाइकचा सॅग मोजा. तो १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असावा. १३० मिमी ट्रॅव्हलवर रिकामा सॅग १० मिमीच्याही खाली गेला असेल, तर मऊ स्प्रिंग जबरदस्तीने दाबून तुम्ही आकडा जुळवलाय. कडक स्प्रिंग घ्या. उलट रिकामाच ३० मिमी येत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जास्त कडक आहे.

दोन मापांतला फरकही बघा. आठ मिलिमीटर चालतो. पंधराच्या वर गेला तर पाइप वाकलाय, नाहीतर चाक बसवताना शॉकअपचे दोन पाय, म्हणजे डावी-उजवी नळी, एकमेकांकडे ओढले गेलेत. त्यावर कुठलंही ऑइल चालत नाही.

सामान

ऑइल सील आणि डस्ट सील दोन्ही पायांचे मिळून नवे घ्या, एकाच पायाचे नको. सीलवर ४१×५४×११ असे आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. नाना पेठेत जाताना जुना सील किंवा चेसिस नंबर बरोबर न्या. "सेमच आहे साहेब" या वाक्यावर विसंबू नका, आकडे वाचा. तळाच्या बोल्टचे दोन तांब्याचे वायसर आणि वरच्या कॅपचे दोन ओ-रिंग यांना विसरू नका. पैसे लागतात किरकोळ, पण ते नसले की रविवारी संध्याकाळी काम अडतं.

फोर्क ऑइल एक लिटर. छोट्या बाइकला एका पायात साधारण १५० ते २०० मिली लागतं, ४१ मिमीच्या पाइपला ४०० ते ५०० मिलीपर्यंत जाऊ शकतं. नेमका आकडा बाइकच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ग्रेड कंपनीने सांगितलेलीच. बाटलीवरच्या १०डब्ल्यूवर फार भरवसा ठेवू नका, एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या साडेसातइतकं पातळ असू शकतं. डेटा शीटवर ४० अंशांना किती सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) दिलंय ते बघा. साधारण ३०-३५ असेल तर ते १०डब्ल्यूच्या जातीचं. आणि इंजिनाचं २०डब्ल्यू-४० शॉकअपमध्ये ओतू नका. ते सतत वरखाली घुसळलं जाण्यासाठी बनवलेलं नसतं. फेस धरतं, आणि फेस भोकांतून ऑइलसारखा अडून जात नाही.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, लांब ॲलन की, टॉर्क रेंच, नायलॉनची हातोडी, व्हर्नियर, मोजपात्र, ६० मिलीची सिरिंज आणि वितभर बारीक नळी. गाडीचा कात्री जॅक आणि त्यावर लाकडी फळी. बोहरी आळीत गेलातच तर सील ठोकायला पीव्हीसीचा एक फूटभर तुकडा घ्या: आतून पाइपवर सैल जाईल आणि बाहेरून बॉटमच्या तोंडात बसेल असा. प्रीलोडच्या स्पेसरसाठी (स्प्रिंग दाबून ठेवणारी नळी) जाड भिंतीचा, शेड्यूल ८०चा पाइप. पातळ पाण्याचा पाइप काही महिन्यांत कडेने चिरतो.

उतरवणं

बाइक मेन स्टँडवर, इंजिनाखाली फळी ठेवून जॅक. मेन स्टँड नसेल तर मागे पॅडॉक स्टँड हवाच. साइड स्टँड आणि विटांवर हे काम करू नका. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर आधी पुठ्ठा अंथरा. फोर्क ऑइलचा डाग पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो संध्याकाळीच येतो.

चाक अजून जमिनीवर असतानाच वरच्या टीचा पिंच बोल्ट (पाइप आवळून धरणारा) सैल करा आणि मग कॅप बोल्ट (पाइपच्या तोंडावरचं झाकण) पाव फेरा फक्त हलवा. फोर्क बाहेर काढल्यावर तो धरायला जागा नसते. व्हाइसमध्ये दाबून पाइप चपटा केलेले लोक पुष्कळ आहेत.

मग कॅलिपर काढा आणि तारेने फ्रेमला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या मध्ये लाकडाची चकती घाला, म्हणजे चुकून लिव्हर दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. एबीएस असेल तर सेन्सरचा छोटा बोल्ट आणि वायर आधी सोडवा. ॲक्सल, चाक, मडगार्ड. वरच्या टीच्या वर पाइप किती निघालाय ते दोन्ही बाजूंनी व्हर्नियरने मोजून चिकटपट्टीवर लिहा. पाच मिलिमीटरच्या फरकानेही बाइकचं वळणं बदलतं. मग खालच्या टीचे बोल्ट सैल करून पाइप फिरवत खाली ओढा.

एका वेळी एकच पाय उघडा. दुसरा तसाच ठेवला, की वायसर कुठला वर होता यावर वाद होत नाही.

उघडण्याचा क्रम

नवख्यांची सर्वांत मोठी अडचण इथे होते, आणि ती फक्त क्रम चुकल्याने. बॉटमच्या तळाशी, आतल्या बाजूला एक ॲलन बोल्ट असतो. तो डँपर रॉडला धरतो. कॅप उघडून स्प्रिंग काढली की रॉड आत मोकळा होतो, आणि खालचा बोल्ट फिरवला की रॉडही त्याच्याबरोबर गोल गोल फिरतो. तासभर फिरवा, निघत नाही.

म्हणून कॅप बंद असतानाच पाय उलटा करा, बॉटम छातीने दाबून स्प्रिंग आवळा आणि तळाचा बोल्ट तेव्हाच मोकळा करा. फक्त सैल, पूर्ण काढलात तर सगळं ऑइल मांडीवर. हे राहून गेलं असेल तर वरून मॉपचा लाकडी दांडा टोक निमुळतं करून आत घाला, रॉडच्या तोंडात जोराने दाबून धरा आणि खालून बोल्ट फिरवा. बहुतेकदा सुटतो. नाही सुटला तर इम्पॅक्ट गन असलेल्या टायरवाल्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

पाय सरळ उभा करा. कॅपवर जाड फडकं ठेवा आणि शेवटचे दोन-तीन आटे राहिले की खाली दाबून धरत फिरवा. स्प्रिंग दाबलेली असते, कॅप उडते. चेहरा वरती आणू नका. मग स्पेसर, वायसर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा.

ऑइल पांढऱ्या बादलीत ओता आणि दहा-बारा वेळा पंप करा. काय निघतंय ते नीट बघा. काळपट करडं आणि उजेडात चमकणारं असेल तर बुश आणि ॲल्युमिनियम झिजतंय. दुधाळ असेल तर पावसाचं पाणी सीलमधून आत गेलंय. मासळीसारखा वास म्हणजे ऑइल फार जुनं. पहिल्या मालकाने कदाचित कधीच बदललेलं नाही. स्प्रिंग स्वच्छ करून लांबी मोजा. मॅन्युअलमधल्या लांबीपेक्षा दोन टक्क्यांहून जास्त आखूड झाली असेल तर ती दबून बसलीय.

पाइप आणि सील

डस्ट सील उचकटा, त्याखालची तारेची सर्क्लिप काढा. मोठ्या फोर्कमध्ये पाइप आणि बॉटम हातात धरून तीन-चार वेळा झटका दिला की आतल्या बुशच्या धक्क्याने सील स्वतःच वर येतो. छोट्या बाइकमध्ये बुश नसेल तर पाइप सरळ बाहेर येतो आणि सील उचकटून काढावा लागतो. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरखाली चामड्याचा किंवा रबराचा तुकडा घाला. बॉटमच्या तोंडाला पडलेली ओरखडीही पुढे गळतीची वाट होते.

पाइप स्वच्छ पुसून ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि नखाने चाचपा. पावसाळ्यात चिखलाने क्रोमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. नख अडकत नसेल तर ऑइल लावून २००० नंबरच्या पेपरने, पाइपच्या गोलाकार दिशेने, हलका हात फिरवा. नख अडकत असेल आणि खड्डा सील जिथे चालतो त्या पट्ट्यात असेल, तर नवीन सील पंधरा दिवसांत कापला जाईल. पाइप बदला, किंवा भोसरी एमआयडीसीत हार्ड क्रोम करणाऱ्याकडे ग्राइंडिंगसकट करून घ्या. जास्त लांब पट्टा खराब असेल तर नवा पाइपच परवडतो. पाइप जाड काचेवर ठेवून लोटा. खालून उजेडाची फट दिसत-लपत असेल तर वाकलाय. बहुतेक मॅन्युअल ०.२ मिमीपर्यंतचा वाक मान्य करतात, त्यापुढचा नाही.

सील बसवताना छापलेली बाजू वर, आत गोल स्प्रिंग दिसणारी बाजू खाली, म्हणजे ऑइलकडे. पाइपच्या धारदार कडेवर प्लास्टिकची पिशवी चढवा, तिला फोर्क ऑइल चोळा आणि सील तिच्यावरून खाली सरकवा. नुसता सरकवला तर कडेवर त्याचा ओठ चिरतो, आणि ते डोळ्याला दिसतही नाही. जुना सील वर ठेवून पीव्हीसीच्या तुकड्याने ठोका, चारी बाजूंनी थोडं थोडं. सील पुरता बसला की आवाज बदलतो: भोंगळ 'ढप ढप' थांबून कोरडा 'टक' येतो. सर्क्लिपची खाच पूर्ण दिसली पाहिजे. अर्धी दिसत असेल तर अजून ठोका.

तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वायसरसकट, आट्यांना मध्यम थ्रेडलॉकचा एक थेंब. टॉर्क बहुधा २० ते ३० न्यूटन-मीटरमध्ये असतो. तुमच्या बाइकचा आकडा मॅन्युअलमधला. "थोडं अजून" करून ॲल्युमिनियमचे आटे जातात.

ऑइलची पातळी

मोजून ओतलेलं ऑइल ही फक्त सुरुवात. जुनं थोडं आत राहिलेलं असतं, त्यामुळे दोन पायांत फरक पडतो. खरं माप पातळीचं: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, पाय अगदी सरळ उभा, आणि पाइपच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर.

सांगितलेलं ऑइल ओता, वर थोडं जास्त. बुडबुडे थांबेपर्यंत हळू पंप करा, मग दहा मिनिटं उभा ठेवा. सिरिंजच्या नळीवर हव्या त्या अंतराला चिकटपट्टीचा पंखा करून तो पाइपच्या कडेवर टेकवा आणि ओढा. हवा यायला लागली की पातळी बरोबर झाली. दोन्ही पायांत एक मिलिमीटरच्या आत जुळवा.

वर राहिलेली हवा ही आणखी एक स्प्रिंग असते. ४१ मिमीच्या पाइपचा आतला व्यास ३७ धरला तर दहा मिमी पातळी म्हणजे जेमतेम ११ मिली ऑइल. तेवढ्याने सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो आणि शेवटचा एक-तृतीयांश प्रवास कडक होतो. खड्ड्यात तळ गाठण्याची तक्रार असेल तर पाच-पाच मिमीने पातळी वाढवून बघणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. पंधरा मिमीच्या पुढे जाऊ नका, सीलवर दाब येतो.

स्प्रिंग आणि स्पेसर

नवी स्प्रिंग घालत असाल तर जुनी स्प्रिंग अधिक जुना स्पेसर यांची लांबी आणि नवी स्प्रिंग अधिक नवा स्पेसर यांची लांबी सारखी धरून सुरुवात करा. जुनीच स्प्रिंग असेल तर सॅगमधून निघालेले पाच-नऊ मिमी स्पेसरमध्ये वाढवा. पाइप काटकोनात कापायला त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्या कडा जुळल्या की त्या रेषेवर करवत चालवा. दोन्ही टोकांना स्टीलचा वायसर, नाहीतर स्प्रिंग प्लास्टिक खाते.

आणि एक हिशेब न चुकता करा. तारेची जाडी गुणिले वेटोळी म्हणजे स्प्रिंग पूर्ण मिटल्यावरची लांबी. समजा स्प्रिंग ४०० मिमी, तार ४.५ मिमी, वेटोळी ६०. मिटलेली लांबी २७०, म्हणजे ती फक्त १३० मिमी दबू शकते. ट्रॅव्हल १३० आणि प्रीलोड १५ म्हणजे १४५ हवेत. ही स्प्रिंग तळ गाठण्याआधीच लोखंडी नळी होईल आणि दणका थेट टीवर जाईल. 'कडक स्प्रिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये ही चूक हमखास सापडते.

परत चढवणं

लिहून ठेवलेल्या उंचीवर पाइप आणा, खालची टी आवळा, मग कॅप टॉर्कला, आणि शेवटी वरच्या टीचा पिंच बोल्ट. कॅपआधी तो आवळला तर कॅपचे आटे चावतात. चाक घाला, ॲक्सल आवळा, पण ॲक्सलचा पिंच बोल्ट सैलच ठेवा. बाइक जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक न धरता शॉकअप पाच-सहा वेळा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या रेषेत बसतात. मगच पिंच बोल्ट. ही एक पायरी गाळली की नवं सगळं घालूनही शॉकअप अडकत चालतो.

कॅलिपर बसवल्यावर हलण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. चकती काढल्यावर पॅड मागे सरकलेले असतात. पहिला लिव्हर रिकामा जातो आणि समोर सोसायटीचं गेट असतं.

पाइपवर डस्ट सीलला टेकवून केबल टाय लावा. सॅग पुन्हा मोजा. पहिली फेरी गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून, दुसरी बोपदेव घाटातून कोंढव्याकडे उतरताना ब्रेक धरून. परतल्यावर टायच्या वर ट्रॅव्हलचे शेवटचे १० ते १५ मिमी शिल्लक असावेत. काहीच शिल्लक नसेल, म्हणजे शॉकअप तळाला भिडला असेल, तर ऑइलची पातळी पाच मिमी वर; ४० मिमी रिकामे राहिले असतील तर पाच मिमी खाली. रोज मागे कुणी बसत असेल तर हे सगळं त्या वजनासकट करा.

पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये पाइपवर ऑइलची बारीक रिंग आली तर लगेच उघडू नका. जुन्या एक्सरे फिल्मची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, तिला एका बाजूने आकड्यासारखी खाच करा, डस्ट सील वर करून ती ऑइल सीलच्या ओठाखाली सरकवा आणि पाइपभोवती दोनदा फिरवा. बहुतेक वेळा अडकलेला मातीचा कण निघतो आणि गळती थांबते. रिंग परत आली तर सील चिरलाय किंवा क्रोमचा खड्डा नजरेतून सुटलाय. काढलेलं ऑइल बाटलीत भरून जुनं इंजिन ऑइल साठवणाऱ्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं पावसात थेट नदीकडे जातं.